चित्रपटमालिका कशी आखावी? फिल्म सोसायटीच्या नव्या हंगामानिमित्त चर्चा

गोदाकाठ

आमच्या नाशिकच्या फिल्म सोसायटीत येत्या हंगामाचा कार्यक्रम ठरवण्याचे काम सध्या सुरू आहे. दर महिन्याला कुठला तरी गाजलेला चित्रपट निवडायचा, तो दाखवायचा आणि पुढच्या महिन्यात भलत्याच देशातल्या, भलत्याच काळातल्या चित्रपटाकडे वळायचे, ही आजवरची रीत सोडून तीन-चार चित्रपटांच्या मालिका आखाव्यात, असा माझा आग्रह आहे. कार्यकारिणीत त्यावर मतभेद आहेत, म्हणून हा विषय इथल्या जाणकारांपुढे ठेवत आहे.

जुनी रीत कशी पडली हे समजण्यासारखे आहे. कलकत्ता फिल्म सोसायटी १९४७ साली स्थापन झाली, देशभरातील सोसायट्यांचा महासंघ १९५९ साली सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली उभा राहिला आणि मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ साली सुरू झाले. त्या काळात परदेशी चित्रपट पाहायला मिळणे हीच मोठी गोष्ट होती. एखाद्या वकिलातीकडून रिळे मिळत, ती या गावाहून त्या गावाला जात आणि जे हाती येईल ते सभासदांना दाखवले जाई. निवडीला वावच नव्हता, तिथे क्रमाची चर्चा कोण करणार? आता ती टंचाई संपली. सभासदाला घरबसल्या जगभरचे चित्रपट उपलब्ध आहेत, आणि तरीही आपण तो घरी पाहू शकेल असाच एकेक सुटा चित्रपट त्याच्यापुढे ठेवत असू, तर त्याने संध्याकाळी रिक्षा करून सभागृहापर्यंत का यावे, या प्रश्नाला आपल्यापाशी उत्तर नाही.

माझ्या मते ते उत्तर क्रमात आहे. कोणता चित्रपट कोणत्या चित्रपटानंतर पाहावा हे विचारपूर्वक ठरवणे, त्या क्रमातून दिसणाऱ्या गोष्टी प्रेक्षकाला सापडतील इतपत बोलणे आणि तेच प्रेक्षक दर आठवड्याला एकत्र येतील अशी सोय करणे, एवढे जरी सोसायटीने केले तरी तिचे प्रयोजन शाबूत राहील.

पहिल्या मालिकेसाठी माझा प्रस्ताव प्रभात फिल्म कंपनीच्या चार संतपटांचा आहे: ‘धर्मात्मा’ (१९३५), ‘संत तुकाराम’ (१९३६), ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) आणि ‘संत सखू’ (१९४१). सलग चार शनिवार, याच क्रमाने. आपली मते जरूर मांडावीत.

पंचगंगा

मालिकेच्या कल्पनेशी मी सहमत आहे, परंतु निवडीबद्दल मला शंका आहे. प्रभातचा जन्म १९२९ साली आमच्या कोल्हापुरात झाला आणि कंपनी पुण्याला १९३३ साली गेली, त्यामुळे या चित्रपटांविषयी मला किती जिव्हाळा आहे हे वेगळे सांगायला नको. तरीही सलग चार संतपट पाहायला कोण येणार, याचा विचार व्हावा. ज्यांनी हे चित्रपट दूरदर्शनवर पाहिले आहेत ते ‘पाहिलेलेच आहेत’ म्हणून येणार नाहीत, आणि ज्यांनी पाहिलेले नाहीत त्या विशी-पंचविशीतल्या मुलांना जाहिरातीतला ‘संतपट’ हा शब्दच दूर ठेवील.

दुसरा मुद्दा असा की, सालवारीने लावलेली मालिका अभ्यासक्रमासारखी होते. आधी जुना, मग त्याहून नवा, मग आणखी नवा, आणि प्रेक्षक मनातल्या मनात प्रगतिपुस्तक भरू लागतो. त्यापेक्षा विषयाने जोड्या लावाव्यात. श्रद्धा हाच विषय घ्यायचा असेल तर एक आपल्याकडचा आणि एक बाहेरचा चित्रपट लागोपाठ दाखवावा, म्हणजे दोन्ही संस्कृतींत पडद्यावर देव कसा आणला जातो याची तुलना आपोआप होईल. युरोपातही संतांवर आणि धर्मश्रद्धेवर उत्तमोत्तम चित्रपट झालेले आहेत.

गोदाकाठ

पंचगंगा, प्रेक्षकसंख्येची आपली शंका रास्त आहे, तिच्याकडे मी नंतर येतो. आधी सालवारीचे समर्थन करतो, कारण या चार चित्रपटांत ती केवळ तारखांची उतरंड नाही.

‘धर्मात्मा’मध्ये एकनाथांची भूमिका बालगंधर्वांनी केली आहे. रंगभूमीवर ज्यांनी आयुष्य स्त्रीभूमिकांत घालवले, ते इथे पुरुषवेषात, कॅमेऱ्यापुढे उभे आहेत. दिग्दर्शक व्ही. शांताराम आहेत, विषय अस्पृश्यतेचा आहे, एकनाथ महाराच्या घरी जेवायला जातात हा कथेतला कळीचा प्रसंग आहे. चित्रपटाचे आधीचे नाव ‘महात्मा’ होते आणि ते गांधीजींकडे बोट दाखवते म्हणून सेन्सॉरने ते बदलायला लावले. म्हणजे आशय अतिशय धीट आहे. पण बालगंधर्व गाऊ लागले की पडद्यावर नाट्यगृह उभे राहते: गायक समोर तोंड करून उभा, बाकीचे थबकलेले आणि कथा पदाची वाट पाहत थांबलेली.

पुढच्याच वर्षीचा ‘संत तुकाराम’ दामले-फत्तेलाल यांचा आहे. त्यातले विष्णुपंत पागनीस हेही संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका करून आलेले, म्हणजे मुशीही तीच. पण इथे अभंग कामाच्या ओघात येतो, चालता-बोलता येतो, आणि तो संपल्यावर आता गाणे संपले असे जाणवतही नाही. शिवाय समोर तुकारामांची बायको, गौरी या अभिनेत्रीची आवली आहे. मूल आजारी पडल्यावर ती तरातरा देवळात जाते आणि विठोबावर पायातली वहाण उगारते. त्या प्रसंगात तिची चाल, पदर खोचण्याची पद्धत, मुलाला ओढत नेणारा हात यांत अभिनय म्हणून वेगळा काढता येईल असे काही उरलेलेच नाही. तुकाराम वैकुंठाला निघतात तेव्हाही ही बाई संसार सोडून यायला तयार नसते. चित्रपट दोघांचीही बाजू तितक्याच आदराने मांडतो, आणि माझ्या मते त्याचे मोठेपण याच समतोलात आहे. मुंबईत तो वर्षभराहून अधिक काळ चालला, १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, हे सर्वश्रुत आहे. परंतु आदल्या शनिवारी ‘धर्मात्मा’ पाहिलेल्या प्रेक्षकाला बारा महिन्यांच्या अंतराने पडद्यावरचे गाणे किती बदलले हे जसे लख्ख दिसेल, तसे सुटा ‘तुकाराम’ पाहणाऱ्याला दिसणार नाही.

‘ज्ञानेश्वर’मध्ये तेच दिग्दर्शक चमत्कारांकडे वळतात आणि चालत्या भिंतीसारखी दृश्ये तंत्राच्या जोरावर उभी करतात. तिथे मला तरी चित्रपट थोडा थंडावल्यासारखा वाटतो. ‘सखू’मध्ये हंसा वाडकर आहेत आणि सासुरवासाची गोष्ट आहे, म्हणजे केंद्रस्थानी पुन्हा घरातली बाई येते. आवली आणि सखू यांच्यामध्ये ‘ज्ञानेश्वर’ असणे मला त्यामुळेच आवश्यक वाटते. हा क्रम मोडून जोड्या लावल्या तर यातली एकही गोष्ट हाती लागणार नाही.

प्रक्षेपक

क्रमाइतकाच महत्त्वाचा, पण कार्यकारिणीच्या बैठकांत क्वचितच निघणारा मुद्दा मांडतो. मी पुण्यात बराच काळ प्रक्षेपणाचे काम केले आहे.

गोदाकाठ यांनी सुचवलेले चारही चित्रपट जुन्या, चौरसाकडे झुकणाऱ्या चौकटीचे आहेत. त्यांची रुंदी उंचीच्या १.३७ पट असते. आजची बहुतेक सभागृहे १.८५ किंवा त्याहून रुंद पडद्याची आहेत. पडदा रिकामा दिसू नये म्हणून चालक चित्र ताणतो किंवा मोठे करून वरखाली कापतो. १.३७चे चित्र १.८५मध्ये भरले तर उंचीचा सुमारे चौथा हिस्सा जातो. मग आवली देवळात शिरते तेव्हा तिचे पाऊल दिसत नाही आणि तुकाराम उभे राहिले की पागोटे कापले जाते. ज्या दिग्दर्शकांनी चौकटीतली प्रत्येक वस्तू हाताने मांडली, त्यांच्या चित्रपटाची ही मोडतोड आहे. त्यामुळे चित्र मधोमध ठेवून दोन्ही बाजूंना काळे पडदे ओढण्याची, म्हणजे मास्किंगची सोय सभागृहात आहे का, हे पैसे भरण्याआधी पाहून घ्यावे. नसेल तर काळे कापड शिवून घ्यावे, त्याला फार खर्च येत नाही.

कधी ३५ मिलिमीटरची प्रत मिळालीच तर दोन प्रोजेक्टर चालू स्थितीत हवेत. हजार फुटांचे रीळ जेमतेम अकरा मिनिटे चालते. रीळ संपत आले की चित्राच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका चमकतो. तो दिसताच दुसऱ्या यंत्राची मोटर सुरू करायची, आणि सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका आला की एकाचे झाकण बंद आणि दुसऱ्याचे उघडे. हे हातकाम जमले तर प्रेक्षकाला सांधा कळत नाही. मालिका आखताना अशी एक तरी प्रत मिळवावी आणि मध्यंतरात सभासदांना प्रक्षेपणकक्ष दाखवावा, असे मी सुचवीन. तरुण प्रेक्षकांना यंत्राची ओढ असते.

डीसीपी, म्हणजे चित्रपटगृहांसाठीची डिजिटल प्रत, मागवली तर तिच्यासोबतची डिजिटल किल्ली ठरावीक यंत्रासाठी आणि ठरावीक मुदतीसाठीच चालते हे लक्षात ठेवावे. आदल्या दिवशी चाचणी घ्यायची असेल तर किल्लीची मुदत त्याप्रमाणे मागून घ्यावी लागते. अनेक कार्यक्रम इथेच अडतात.

सीमाभाग

पंचगंगांनी प्रेक्षक येतील का, असे विचारले आहे. त्यासंदर्भात हेग्गोडूचे उदाहरण आठवणे मला गरजेचे वाटते. शिमोगा जिल्ह्यातील सागर तालुक्यातले हे लहानसे गाव. के. व्ही. सुब्बण्णा यांच्या नीनासम् या संस्थेने तिथे १९७०च्या दशकात चित्रपटशाखा सुरू केली. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातून पी. के. नायर रिळे घेऊन तिथे जात आणि फिल्म इन्स्टिट्यूटचे सतीश बहादूर शिकवायला जात. सुपारीच्या बागांत काम करणारी माणसे राय आणि कुरोसावा पाहत आणि त्यावर कन्नडमध्ये वाद घालत. सुब्बण्णांना १९९१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो नाटक आणि चित्रपट दोन्ही खेड्यापर्यंत नेल्याबद्दल.

यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक म्हणजे, प्रेक्षकाला काय झेपेल हे आयोजकाने आधीच ठरवून टाकू नये. आपण प्रेक्षकाच्या आवडीच्या नावाखाली बहुधा स्वतःची भीती मांडत असतो. दुसरी म्हणजे, तिथे चित्रपटासोबत बोलणे असे आणि ते लोकांच्या भाषेत असे. सतीश बहादूर ‘पथेर पांचाली’ एकेका दृश्याचे तुकडे करून, मागेपुढे नेऊन, पुन्हा पुन्हा दाखवून शिकवीत. तेवढी सवड सोसायटीला नसते हे खरे. पण चारपैकी एका शनिवारी पूर्ण चित्रपटानंतर त्यातले एकच दृश्य पुन्हा दाखवून त्यावर बोलता येईल. आवली आणि वहाणेचा प्रसंग त्यासाठी अगदी योग्य आहे.

प्रास्ताविकाबद्दल मात्र एक विनंती. ते दहा मिनिटांहून लांबू नये आणि त्यात कथा सांगितली जाऊ नये. चित्रपटाआधी पाऊण तास बोलून प्रेक्षकाला थकवणारे वक्ते मालिकेचे नुकसान करतात.

ब्रुकलाइनकर

मी बॉस्टनलगतच्या ब्रुकलाइनमध्ये राहते. इथले कूलिज कॉर्नर थिएटर हे लोकांनी चालवलेले चित्रपटगृह आहे. मालिकांच्या बाबतीत त्याचा अनुभव आपल्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

ही वास्तू १९०६ साली चर्च म्हणून बांधली गेली आणि १९३३ साली तिचे चित्रपटगृह झाले. १९८०च्या दशकाअखेर ती पाडली जाण्याची वेळ आली, तेव्हा रहिवाशांनी पुढाकार घेऊन ती वाचवली आणि तेव्हापासून ती ना-नफा संस्थेकडे आहे. खर्चाचा भार तिकिटांबरोबर सभासद आणि देणगीदार उचलतात. मार्च २०२४मध्ये तिथे दोन नवे पडदे वाढले. म्हणजे घरबसल्या सर्व काही मिळण्याच्या काळातही हे चित्रपटगृह वाढले आहे.

त्यामागे मालिकांचा मोठा वाटा आहे असे मला दिसते. जुने अभिजात चित्रपट मोठ्या पडद्यावर, मूकपट प्रत्यक्ष वादनासह, मध्यरात्रीचे चित्रपट, तान्ही मुले घेऊन येणाऱ्या पालकांसाठी दिवसाचे खेळ, अशा त्यांच्या वेगवेगळ्या मालिका आहेत आणि प्रत्येकीचा प्रेक्षक वेगळा आहे. मला सर्वांत आवडते ती २००५ साली सुरू झालेली विज्ञानाची मालिका. चित्रपटाआधी एखादे शास्त्रज्ञ व्यासपीठावर येतात आणि त्या चित्रपटातल्या एखाद्या धाग्यावरून आपल्या संशोधनाबद्दल बोलतात. चित्रपट विज्ञानपट असलाच पाहिजे असे नाही. स्मृतिभ्रंशावरच्या कथेआधी मेंदूचे अभ्यासक बोलतात, भयपटाआधी साथरोगांचे. पुढे स्लोन फाउंडेशनच्या अनुदानातून ही कल्पना अमेरिकेतल्या इतर अनेक चित्रपटगृहांत गेली.

आपल्या संतपटांसाठी वारकरी संप्रदायाचे अभ्यासक, कीर्तनकार, जुन्या ध्वनिमुद्रणाचे जाणकार किंवा संगीत रंगभूमीवरचे गायक बोलवता येतील. ‘धर्मात्मा’आधी एखाद्या गायिकेने बालगंधर्वांच्या गायकीतली लय प्रत्यक्ष गाऊन दाखवली, तर गोदाकाठ म्हणतात तो फरक समजावून सांगण्याची गरजच उरणार नाही. आणि चित्रपटाचे नावही न ऐकलेली गाण्याच्या क्लासमधली मुले त्या निमित्ताने सभागृहात येतील.

पंचगंगा

ब्रुकलाइनकर, ही सूचना फार मोलाची आहे. प्रेक्षकांविषयीची माझी शंका तिने बरीचशी दूर होते. सीमाभाग यांचे म्हणणेही मला मान्य आहे. विशीतली मुले येणार नाहीत असे मी गृहीत धरले होते, त्याला आधार काही नव्हता. सालवारीबद्दलचे माझे मत मात्र कायम आहे. निदान ‘संत ज्ञानेश्वर’च्या जागी एक परदेशी चित्रपट घ्यावा असे अजूनही वाटते.

एक व्यावहारिक प्रश्न आहे. हक्कांचे काय? एखाद्या सभासदाकडे चांगली डिस्क असते आणि ती लावून कार्यक्रम उरकण्याचा मोह सगळीकडे दिसतो.

प्रक्षेपक

डिस्क घरगुती वापरासाठी विकलेली असते. ती विकत घेतल्याने जाहीर खेळाचा हक्क मिळत नाही, हे स्पष्ट आहे. आपल्याकडच्या कायद्यानुसार चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. त्यामुळे १९३०-४०च्या दशकांतल्या चित्रपटांची मुदत कधीच संपलेली आहे. पण हक्क संपला तरी चांगली प्रत कोणाच्या तरी ताब्यात असते आणि ती त्यांच्याकडूनच, त्यांच्या अटींवर घ्यावी लागते. पुण्याचे संग्रहालय १९६४ सालापासून हे जतनाचे काम करत आहे. २०२२ साली ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले, तेव्हा पत्रव्यवहार त्याप्रमाणे करावा. परदेशी चित्रपटाला भारतीय प्रमाणपत्र नसेल तर माहिती व प्रसारण मंत्रालयाची सूट लागते. पंचगंगांचा परदेशी चित्रपट घ्यायचे ठरले तर त्यासाठी वेळ हाताशी ठेवावा.

गोदाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चर्चेचा बराच भाग मी कार्यकारिणीच्या टिपणात घेतला आहे.

‘ज्ञानेश्वर’ वगळायला मी तयार नाही. पडद्यावर देव कसा आणला जातो, हा पंचगंगांचाच प्रश्न त्या चित्रपटात सर्वांत उघडपणे समोर येतो. तुकारामांचा देव बव्हंशी माणसांच्या वागण्यात दिसतो, ज्ञानेश्वरांचा चमत्कारात. तुलना करायला तिथे बाहेर जावे लागत नाही. मात्र परदेशी चित्रपटाची सूचना मी पाचव्या शनिवारसाठी घेतली आहे आणि तो चित्रपट पंचगंगांनीच सुचवावा, अशी विनंती आहे.

मालिकेआधी स्वतंत्र संध्याकाळ म्हणून दादासाहेब फाळके यांचा ‘कालिया मर्दन’ (१९१९) दाखवावा, असेही मी सुचवले आहे. फाळके त्र्यंबकेश्वरचे, त्यांच्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीचे काम नाशिकला चाललेले, म्हणजे हा चित्रपट आमच्या गावचाच. त्याच्या सुरुवातीला फाळक्यांची मुलगी मंदाकिनी कॅमेऱ्याकडे पाहून चेहऱ्यावर एकामागून एक भाव आणून दाखवते, आणि मग त्याच मुलीचा बाळकृष्ण होतो. आधी मूल दाखवायचे, मग देव दाखवायचा, आणि हे करताना प्रेक्षकापासून काहीही लपवायचे नाही. संतपटांच्या मालिकेला याहून चांगली पूर्वपीठिका मला सुचत नाही.

इथे प्रक्षेपक यांचा सल्ला हवा आहे. मूकपट हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्यावर, सेकंदाला सुमारे १६ चौकटींच्या आसपास चित्रित होत आणि आजची यंत्रे २४ने चालतात. तसेच लावले तर तासाभराचा चित्रपट चाळीस मिनिटांत संपेल आणि बाळकृष्ण तुरुतुरु पळत सुटेल. मिळणाऱ्या प्रतीत ही गती दुरुस्त केलेली असते का, की आम्हाला ती मागून घ्यावी लागेल? वादनासाठी पेटी आणि पखवाज एवढेच ठेवायचा विचार आहे, आणि वादकांना तालमीसाठी चित्रपटाची प्रत नेमक्या त्याच गतीची द्यावी लागेल.

प्रक्षेपक

प्रत्येक प्रतीचे वेगळे असते, त्यामुळे मागणीपत्रात चौकटींची गती आणि एकूण कालावधी दोन्ही लेखी विचारावेत. डिजिटल प्रत बनवताना मधल्या चौकटी दुहेरी करून गती जुळवलेली असेल तर प्रश्न येत नाही. तशी नसेल तर संथ केलेली प्रत स्वतंत्रपणे तयार करून घ्यावी लागेल, आणि तिला परवानगी लागेल. गती ठरवताना आकड्यावर विसंबू नये. एखादे पात्र चालताना किंवा पाणी उडताना दिसेल असे दृश्य लावून डोळ्यांनी पाहावे. या चित्रपटात यमुनेचे पाणी आहेच, ते पाण्यासारखे पडू लागले की गती बरोबर आहे असे समजावे. वादकांना प्रत द्याल तेव्हा तिच्यावर कोपऱ्यात मिनिटे-सेकंद उमटवून द्यावेत, म्हणजे पखवाजाची थाप नेमकी नागाच्या फण्यावर पडेल.